गाडी ‘हिट’ झाली, की नुसती गरमीत चालू होत नाही?

एप्रिल लागला की माझ्या गॅरेजसमोर दोरीनं ओढून आणलेल्या गाड्या वाढतात. आणणाऱ्याचं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : “भाऊ, गाडी गरम झाली अन् आता चालूच होऊन नाही राहिली.” या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. एकात इंजिन खरोखर तापलेलं असतं. पाणी संपलेलं, फॅन फिरलेला नाही, कधी हेडही (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) वाकलेलं. दुसऱ्यात इंजिन रोजच्याइतकंच गरम असतं, पण एखादा भाग तेवढ्या गरमीतही काम सोडतो. पहिल्या आजारात सेल्फ मारत राहिलं तर इंजिन जातं, दुसऱ्यात हेड खोललं तर पैसे जातात. म्हणून फोनवर मी पहिला प्रश्न विचारतो तो हा : गाडी आपोआप बंद पडली, की तुम्ही बंद केली आणि मग ती चालू झाली नाही?

दर्यापूरकडच्या एका काकांची पेट्रोल गाडी गेल्या मे महिन्यात आली. दुसऱ्या गॅरेजात हेड खोलून त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा पातळ पत्रा) बदललेलं होतं, तरी त्रास तसाच. काका म्हणाले, “रस्त्यानं बरोबर चालते. चहाले थांबलो, धा-पंधरा मिनिटं झाली, की घेतच नाही. पाऊण तासानं मंग आपोआप लागते.” तापमानाचा काटा? कायम मधोमध. पाणी? एक थेंब कमी झालेलं नाही. इथेच माझा संशय हेडवरून उठला. गाडी वीस किलोमीटर फिरवून आणली, बंद केली, बॉनेट लावून पंधरा मिनिटं उन्हात ठेवली. मग सेल्फ मारला. सेल्फ जोरात, नेहमीच्या लयीत फिरला, पण इंजिन पकडेना. प्लग काढून बॉडीला टेकवला, करंट नाही, म्हणजे ठिणगीच पडेना. मग क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय ही खबर गाडीच्या कॉम्प्युटरला देणाऱ्या भागावर, ओलं फडकं दाबून धरलं. पाचेक मिनिटांनी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. सेन्सर बदलला, आणि त्या उन्हाळ्यात काका परत आले ते फक्त ऑइल बदलायला.

असं का होतं, ते समजून घ्या. इंजिन चालू असताना पंप पाणी फिरवतो, फॅन आणि वारा उष्णता काढून नेतात. चावी बंद केली की बहुतेक गाड्यांत हे सगळं थांबतं, पण लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार? ती आजूबाजूच्या भागांत उतरते, आणि पुढची दहा-वीस मिनिटं बॉनेटखालची गरमी उलट वाढते. बाहेर ४५ अंश असताना तर विचारूच नका. जुन्या धाटणीच्या क्रँक सेन्सरात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. तार कुठे चिरलेली असेल तर गरम झाल्यावर ती सुटते, थंड झाली की परत जुळते. सेन्सरनं खबर दिली नाही तर कॉम्प्युटर ना करंट देतो, ना पेट्रोल. आरपीएमचा काटा असलेल्या बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना तो काटा शून्यावरून हलतच नाही. हा चांगला इशारा आहे. करंट असूनही गाडी घेत नसेल, तर चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोन सेकंद पंपाची घुंई ऐकू येते का बघा. टाकीत पेट्रोल कमी असलं की पंप जास्त तापतो.

कार्बोरेटरच्या जुन्या व्हॅनमध्ये, जिथे इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, पेट्रोलची नळीतच वाफ होते. डिझेल गाडीत ठिणगीचे प्लगच नसतात, पण झिजलेल्या पंपात गरम, पातळ झालेलं डिझेल दाब धरत नाही. उपाय वेगळे, पण लक्षण तेच : काटा ठीक, पाणी ठीक, थंड झाली की चालू.

आता खरी हिट झालेली गाडी. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, फॅन ९५च्या आसपास लागतो. रेडिएटरचं झाकण आत जवळपास एक बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला, मग पाणी शंभरालाच उकळतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तर आणखी लवकर. वर सुमारे ११०० मीटर उंचीवर ते ९६ अंशांच्या आसपासच उकळू लागतं.

आपल्याकडची दोन कारणं मला सर्वांत जास्त सापडतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याकडचं, बोअरचं पाणी लोक रेडिएटरमध्ये ओततात. त्यातले क्षार बारीक नळ्यांत थर धरतात. कृपा करून कूलंट टाका, नाहीतर निदान डिस्टिल्ड वॉटर. दुसरं, सोयाबीन काढणीचं कुटार. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत हवा मारली की मूठभर भुसा बाहेर येतो.

तापलेलं इंजिन चालू का होत नाही, ते सेल्फच्या आवाजावरून कळतं. बऱ्याच गाड्यांत हेड अल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. अल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, म्हणून हेड वाकतं आणि गॅस्केट सोडतं. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उरत नाही आणि सेल्फ हलका, भरभर फिरतो, नेहमीची ‘धग-धग’ लय नसते. सेल्फ अडकून टक्क करून थांबला तर बॅटरी कमजोर असू शकते, पण पिस्टन आवळलेला किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलंही असू शकतं. जोर करू नका, ढकलस्टार्ट तर अजिबात नाही. थंड झाल्यावर सुरू झाली आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहिला, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर हेडच खोलायचं आहे.

एका ठिकाणी मात्र दोन्ही आजार एकमेकांत मिसळतात : पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. याची वायर तुटली की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन बर्फासारखं थंड आहे. तो पेट्रोल जास्त सोडतो, आणि गरम इंजिनात प्लग भिजून गाडी घेत नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. पुष्कळ गाड्यांत तसं केल्यावर पेट्रोल थांबतं. या सेन्सरवर विसंबून काट्यानं फसू नका. पाणी संपलं की सेन्सर कोरड्यात लटकतो आणि काटा लालवरून खाली येतो. माणसाला वाटतं गाडी थंड झाली, आणि तो पुढे निघतो. माझ्याकडे आलेली सर्वांत वाईट जळालेली दोन इंजिनं अशीच आली होती.

रस्त्यात काटा चढताना दिसला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, सावली बघून थांबा. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करा. झाकणाला किमान तासभर हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनावर विहिरीचं गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. मिस्त्रीला फोन कराल तेव्हा काटा कुठे होता, सेल्फचा आवाज कसा होता आणि पाणी किती उरलं, एवढं सांगा.