सोलापुरातली ओहोटी

माझा मावसभाऊ ठाण्याचा, खाडीतले फ्लेमिंगो बघून डोळे तयार झालेला, त्याला डिसेंबरात पहाटे उठवून तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावावर नेलं तर म्हणतो काय, "अरे इथं ओहोटी नाही, चिखलातले पक्षी कशाला येतील?"

म्हटलं ओहोटी आहे की, फक्त वर्षातून एकदाच येते. खाडीत पाणी दिवसातून दोनदा मागं जातं आणि चिखल उघडा पडतो. आपल्याकडं पावसाळ्यात साठलेलं पाणी दिवाळीनंतर थोडं शेतीला, थोडं उन्हानं असं करत पार मेपर्यंत उतरत राहतं. म्हणजे काठाला सतत ओल्या चिखलाची नवीन पट्टी. उजनीला याच पट्टीत लोक गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात, पक्षीही तिच्यावरच टपलेले.

बोटानं जरा उकरलं तर लालभडक दोऱ्यासारखी अळी वळवळायला लागली. डासासारखा दिसणारा पण न चावणारा एक किडा असतो, त्याची. लाल कशी, तर तिच्यातही हिमोग्लोबिन असतं, चिखलात ऑक्सिजन नसल्यात जमा, मग जो मिळेल तो धरून ठेवायचा. भाऊ नुसतं "ई" म्हणाला.

खरी गंमत चोचींची. छोटा टिलवा, चिमणीएवढा जीव, उन्हाळ्यात थेट आर्क्टिककडं अंडी घालणारा, इथं यंत्रमागाच्या धोट्यासारखा इकडून तिकडं पळत वरवरचं टिपतो. शेजारीच गॉडविट बोटापेक्षा लांब चोच मुळापर्यंत खुपसतो. आत काही दिसत नाही, पण चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं, चिमट्यासारखं! तिसरा पक्षी शेकाट्या, तो लांब लाल पायांवर आत पाण्यात. त्यामुळं एकाच जागी तिघं, तरी फारशी मारामारी नाही. (माझी चप्पल मात्र चिखलानं गिळली.)

निघताना पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. पंधरा दिवसांनी गेलो तर पाणी काठीपासून चांगलं दहा पावलं लांब, काठीभोवतीच्या चिखलाला भेगा पडलेल्या, त्यात चोच काय खिळाही जाईना, आणि टिलवे सगळे खाली पाण्यालगत. भावाला फोटो पाठवला.