भासात गेला की भ्रमात?

आमच्या नौपाड्यातल्या वाचनकट्ट्यावर परवा अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाची आउल क्रीकच्या पुलाची गोष्ट निघाली. १८९० सालची, अमेरिकेतल्या यादवी युद्धावरची. पेटन फार्कर या दक्षिणेच्या बाजूच्या जमीनदाराला उत्तरेचे सैनिक रेल्वे पुलावर फाशी देतायत. दोर तुटतो, तो पाण्यात पडतो, गोळ्या चुकवतो, रानातून चालत चालत घरी पोचतो. बायकोला मिठी मारणार तोच मानेवर दणका बसतो, आणि कळतं की प्रेत पुलाखाली झुलतंय. सुटका झालीच नव्हती.

‘‘बिचारा भ्रमात गेला,’’ एक काकू म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, भासात गेला. भ्रमात तो आधीपासूनच होता.

(‘क्रीक’ म्हटल्यावर निम्म्या कट्ट्याच्या डोळ्यांसमोर कळव्याची खाडी, चिखल आणि ओहोटी आली होती. तिकडचा क्रीक म्हणजे ओढा. हाही एक घोळच.)

हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांची क्रियापदं बघा. भास होतो, भ्रमात माणूस राहतो. लोकलच्या गर्दीत खिशातला फोन थरथरल्यासारखा वाटतो, काढून बघावं तर काही नाही, तो भास. याउलट मी एकदा ठाण्याला जिना धावत उतरून वाशीची समजून पनवेल गाडीत शिरलो आणि जुईनगर येईपर्यंत खिडकीत निवांत बसलो, तो भ्रम. डोळे-कान धड होते, इंडिकेटरही बरोबर होता. मला वाशी हवी होती म्हणून गाडी वाशीची. म्हणून भोपळा फुटतो तो भ्रमाचा. भासाचा भोपळा कुणी ऐकलाय?

फार्करचा भास बिअर्सनं बारकाईनं विणलाय. फास गळ्यात असतानाच घड्याळाची टिकटिक त्याला ऐरणीवरच्या घणासारखी ऐकू येते. मग पाण्यात पडल्यावर काठावरच्या झाडांच्या पानापानातल्या शिरा दिसतात, नेम धरणाऱ्या सैनिकाचा डोळा करडा आहे हेही दिसतं. गटांगळ्या खाणाऱ्याला हे दिसेल? आणि मधूनमधून खरं शरीर आत डोकावतं: मान सुजलेली, जीभ बाहेर आलेली, पायाखाली रस्ता लागेनासा झालेला. लागणार कसा? खाली काही नाहीच. आपल्याकडे दोरीला साप समजण्याचं उदाहरण घोटून गुळगुळीत झालंय. इथे दोरी दोरीच आहे, फक्त ती तुटल्याचं त्याला दिसतं. आणि या सगळ्यात त्याच्या हातात काहीच नाही, त्यामुळे निर्णयाचा प्रश्नच येत नाही.

निर्णय झाला तो गोष्टीच्या मधल्या भागात, आणि तो आपण घाईघाईत वाचून टाकतो. संध्याकाळी नवरा-बायको बाकावर बसलेत. दक्षिणेचा करडा गणवेश घातलेला एक धुळीनं माखलेला घोडेस्वार पाणी मागतो. बायको स्वतः आणायला जाते. फार्कर उत्सुकतेनं आघाडीची बातमी विचारतो. स्वार सांगतो, शत्रू आउल क्रीकपर्यंत आलाय, रेल्वेला हात लावणाऱ्या नागरिकाला तडकाफडकी फाशीचा हुकूम निघालाय. पुराबरोबर आलेली लाकडं पुलाच्या खांबाशी अडकून वाळलीत, तीही झटकन पेटतील. पाणी पिऊन तो निघतो. रात्री मळ्यावरून पुन्हा जातो, या वेळी उत्तरेकडे. तो उत्तरेचा हेर होता.

म्हणजे फसवणूक झाली, हे खरंच. पण फार्करला दिसलं-ऐकलं त्यात भासाचं काही नव्हतं. घोडा, धूळ, माणूस सगळं होतंच. खोटा होता तो गणवेशाचा अर्थ. आणि त्याहून जुना खोटेपणा फार्करच्या स्वतःबद्दलच्या समजुतीत होता. सैन्यात कधी गेला नाही, पण मनातून आपण शिपाईगडी आहोत, फक्त संधी मिळायचा अवकाश, अशी त्याची खात्री. बिअर्स स्वतः उत्तरेकडून लढलेला होता, त्यामुळे असल्या घरबसल्या शूरांबद्दल त्याची चेष्टा मला ओळीओळीत ऐकू येते.

कट्ट्यावर शेवटी एकानं विचारलं, हेर आलाच नसता तर हा वाचला असता ना? मी पान उलटून दाखवलं. ‘पूल जाळ’ असं हेर कुठेही म्हणत नाही. फाशीचा हुकूम ऐकल्यावर फार्करच्या तोंडून निघालेला पुढचा प्रश्न असा: पूल इथून किती लांब आहे? उत्तर, तीस मैल. ठाण्याहून सीएसएमटीच्या जवळपास दीडपट.