सत्रसमाप्ती आणि सुट्टी : नोटिशीतल्या या दोन तारखा एक नाहीत

एप्रिल अर्धा सरला की आमच्या ऑफिसच्या खिडकीत, फोनवर, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, सुट्टी कधीपासून? आणि ज्या नोटिशीवरनं हे विचारलं जातं ती असते सत्रसमाप्तीची, तिच्यात सुट्टीचा उल्लेख कधी एका ओळीत असतो, कधी नसतोच. मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, आस्थापनेचं टेबल माझ्याकडं, म्हणजे मस्टर, रजेचे अर्ज, सेवापुस्तकं सगळं माझ्यापुढूनच जातं. दिवाळीच्या आधी एकदा आणि मे महिन्याच्या आधी एकदा हा गोंधळ होतोच, आणि तो निस्तरायला जून-जुलै उजाडतो, तोवर ज्याचं नुकसान व्हायचं त्याचं झालेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सत्रसमाप्तीची तारीख सांगते की वर्गातलं शिकवणं कधी थांबलं. बस, एवढंच. सुट्टीची तारीख सांगते की कोणत्या माणसानं कामावर यायचं नाही, कधीपासून कधीपर्यंत. या दोन तारखा कधी लागून येतात, कधी मध्ये तीन-चार आठवडे जातात, आणि गडबड होते ती या मधल्या दिवसांतच.

आधी सत्रसमाप्ती. ही तारीख प्राचार्यांच्या मनावर नसते. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमात वर्षाला किमान १८० दिवस, म्हणजे ३० आठवडे, प्रत्यक्ष शिकवणं व्हायला पाहिजे असं आहे, म्हणजे एका सेमिस्टरला साधारण ९० दिवस. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास. विद्यापीठ हा हिशेब बसवून अकॅडमिक कॅलेंडर काढतं आणि कॉलेज त्यावरनं आपली नोटीस काढतं. मध्ये दिवस बुडाले तर ते कुठूनतरी भरून काढावे लागतात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, असं काही झालं की तास जातात पण सिलॅबस तेवढाच राहतो, मग जादा तास, रविवारचे तास. त्यामुळं "तास संपले" असं नोटिशीत लिहिण्याआधी सिलॅबस पूर्ण झाल्याचा रिपोर्ट विभागप्रमुखाच्या सहीनं आलेला असावा, हा माझा आग्रह असतो. काही जणांना हा कागदी छळ वाटतो, पण पुढं नॅकच्या, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या समितीच्या, वेळी हाच कागद शोधत सगळे माझ्या टेबलाशी येतात.

तास संपले म्हणजे प्राध्यापकांचं काम संपलं का, तर उलट सुरू होतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षा, ओरल, प्रोजेक्ट, अंतर्गत गुण पोर्टलवर भरणं (आणि ती लिंक ठरल्या दिवशी बंद होते, नंतर ती उघडून घ्यायला किती पत्रव्यवहार लागतो ते परीक्षा विभागाला विचारा), सुपरव्हिजन, मग कॅप सेंटरला, म्हणजे जिथं सगळ्यांचे पेपर एकत्र तपासतात तिथं, पेपर तपासणी. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात लिहिलंय की परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढं जायचं नाही. आणि परीक्षेच्या कामाला मदत करणं हे शिक्षक आणि शिक्षकेतर दोघांनाही बंधनकारक आहे, तेही कायद्यातच आहे. म्हणजे सत्रसमाप्तीनंतर "माझे तास नाहीत, मी गावी जातो" असं म्हणता येत नाही. मस्टर चालू असतं. यायचं नसेल तर किरकोळ रजेचा अर्ज द्यायचा, गाव सोडायचं असेल तर मुख्यालय सोडण्याची परवानगी घ्यायची. एप्रिलात गावोगावच्या जत्रा असतात, शिखर शिंगणापूरची यात्रा त्याच चैत्रात येते, माण-खटावकडच्या लोकांना जावंसं वाटणारच आणि जावं पण, फक्त अर्ज टाकून.

आता सुट्टी. इथं खरी गोष्ट अशी की कॉलेजात सुट्टी सगळ्यांना नसतेच. उन्हाळी आणि दिवाळी सुट्टी ही शिक्षकांना आहे. शिक्षकेतरांना, म्हणजे आम्हा क्लार्कना, शिपायांना, लॅब अटेंडंटना ही सुट्टी नाही. आमचं ऑफिस मे महिन्यातही चालू. आणि खरं सांगायचं तर मे-जूनसारखी गर्दी वर्षात कधी नसते, बारावीचा निकाल लागतो, ॲडमिशनची फॉर्म विक्री, टीसी, बोनाफाईड, स्कॉलरशिपच्या त्रुटी, सगळं तेव्हाच.

यावरनं दोन्ही बाजूंनी बोललं जातं. आमच्याकडं म्हणतात "सर लोकांची मजा आहे, महिना-दीड महिना घरी", आणि स्टाफरूममध्ये म्हणतात "ऑफिसवाल्यांच्या खात्यावर केवढ्या रजा जमतात बघा". दोघंही अर्धंच बघतात. शिक्षकेतरांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा (भरपगारी, खात्यावर साठत जाणारी) जमा होते, सरकारी पद्धतीनं १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५. शिक्षकांना युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणं सेवेच्या दिवसांच्या एक तीसांश, म्हणजे पूर्ण वर्ष धरलं तर साधारण १२ दिवस. हा जो फरक आहे तो सुट्टीमुळंच आहे. ज्याला सुट्टी मिळते त्याला रजा कमी, ज्याला सुट्टी नाही त्याला रजा जास्त. एकाच ताटातलं वाढप आहे हे, एकाला पोळ्या जास्त आणि दुसऱ्याला भात जास्त. हे एकदा नीट समजलं तर निम्मी कुरबूर तिथंच थांबेल.

आता याच नियमावलीतला पुढचा भाग, जो बऱ्याच प्राध्यापकांना माहीत असतो पण कागदावर येत नाही. सुट्टीत ड्युटी करायला लावली तर त्या दिवसांच्या एक तृतीयांश इतकी अर्जित रजा जादा मिळते. समजा सुट्टी १ मेपासून आहे आणि एखाद्या मॅडमना ३ ते ११ मे कॅपला पेपर तपासायला जावं लागलं, ९ दिवस झाले, तर ३ दिवस रजा त्यांच्या खात्यावर जमा व्हायला पाहिजे. पण हेच काम २२ ते ३० एप्रिलला झालं असेल, म्हणजे सत्रसमाप्तीनंतर पण सुट्टी लागायच्या आधी, तर एकही दिवस मिळत नाही, कारण तेव्हा त्या ड्युटीवरच होत्या, ते नेहमीचं काम झालं. काम तेच, टेबल तेच, लाल पेन तेच, फक्त सुट्टीची तारीख कुठं पडते त्यावर हिशेब फिरतो. आता सांगा, नोटिशीत ही तारीख मोघम ठेवून चालेल का?

आणि रजा जमा करायला मला काय लागतं तेही सांगतो. नावाचा लेखी आदेश, त्यात कधीपासून कधीपर्यंत ते दिवस, आणि काम झाल्यावर कॅप सेंटरचं हजेरी प्रमाणपत्र. हे दोन कागद असले की सेवापुस्तकातल्या रजेच्या पानावर नोंद, साहेबांची सही, विषय संपला. पण बहुतेक नोटिशींत काय असतं, "सुट्टीच्या कालावधीत आवश्यकतेनुसार उपस्थित राहावे." या ओळीवर मी नोंद कशी घेऊ? कोण उपस्थित राहिलं, किती दिवस, कुणाच्या आदेशानं, काहीच नाही. मग जूनमध्ये सर येतात, म्हणतात अहो भाऊ मी भर उन्हात रोज गेलोय की, आणि ते खरं असतं, मला पण माहीत असतं ते खरं आहे, तरी कागद नाही म्हणून ते दिवस जातात. मला फार वाईट वाटतं अशा वेळी. रिटायर होताना ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे पैसे मिळतात, तिथं एकेक दिवस मोजला जातो.

हे झालं कायम लोकांचं. सगळ्यात जास्त ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते म्हणजे सीएचबीवाले, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. त्यांच्यासाठी सत्रसमाप्ती आणि सुट्टी या दोन्ही तारखांचा अर्थ एकच, मानधन थांबलं. तास घेतला तर पैसे, तास नाही तर नाही. नेट-सेट, पीएचडी झालेली ही माणसं कायम प्राध्यापकाइतकंच मन लावून शिकवतात, आणि नोटीस मात्र लिहिलेली असते फक्त कायम लोकांना समोर ठेवून. "सर्व प्राध्यापकांनी सत्रसमाप्तीनंतर उपस्थित राहून मूल्यमापनाचे काम पूर्ण करावे." यातल्या "सर्व" मध्ये सीएचबीवाले येतात का? यायचं असेल तर त्या दिवसांचं काय? सुपरव्हिजनचं, पेपर तपासणीचं मानधन परीक्षेकडनं वेगळं असतं, पण अंतर्गत गुण भरायला, फाईली लावायला जे चार-सहा दिवस बोलावतात त्याचं कुणी नाव काढत नाही. सत्र संपायच्या आत त्यांचं अंतर्गत गुणांचं काम पूर्ण होईल असं वेळापत्रक लावणं हे प्राचार्यांच्या आणि विभागप्रमुखांच्या हातात आहे, ते त्यांनी करावं. दुसरं म्हणजे तासांचं बिल. शेवटच्या महिन्याचं बिल विभागप्रमुख, प्राचार्य, मग कोल्हापूरला सहसंचालक कार्यालय असं फिरतं, त्यात विभागप्रमुख सुट्टीवर गेले की सहीसाठी ते जूनपर्यंत फाईलीत पडून राहतं. म्हणून सीएचबीची बिलं सुट्टी लागायच्या आत सही होऊन ऑफिसला यावीत अशी ओळ नोटिशीतच पाहिजे, आणि ती शेवटी बारीक अक्षरात नको.

साताऱ्यात अजून एक भानगड आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, आता कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांचं, बरीच कॉलेजं त्याला संलग्न. २०२१ पासून साताऱ्यातच रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, त्याचं कॅलेंडर वेगळं. काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली, आणि स्वायत्त कॉलेजं आपल्या परीक्षा आपल्या तारखेनं घेतात. म्हणजे एकाच घरातले नवरा-बायको दोघं प्राध्यापक असले तरी दोघांच्या तारखा जुळतीलच असं नाही. आणि ग्रुपवर फॉरवर्ड झालेलं परिपत्रक नेमकं कुणाचं आहे ते वरचं लेटरहेड न बघता लोक "सुट्टी जाहीर" म्हणून पुढं पाठवतात. जावक क्रमांक आणि विद्यापीठाचं नाव बघितल्याशिवाय तिकीट काढू नका, एवढंच.

विद्यार्थ्यांचं थोडक्यात. त्यांना वाटतं तास संपले म्हणजे कॉलेज बंद, मग मे महिन्यात पाटणहून, मेढ्याहून एसटीनं येताना आधी दहा फोन करतात, ऑफिस चालू आहे का. पास संपलेला असतो, पूर्ण तिकीट काढून यायचं म्हणजे त्यांना ते जड जातं. ऑफिस चालू आहे आणि खिडकी किती ते किती, ही एक ओळ विद्यार्थ्यांच्या नोटिशीत टाकली तर कुणाची खेप वाया जात नाही. ग्रंथालयात पुस्तकं जमा करायची तारीख आणि हॉस्टेल रिकामं करायची तारीख या अजून वेगळ्या, त्या वेगळ्याच लिहाव्यात.

मी नोटिशीचा मसुदा करतो तेव्हा तारखा एका वाक्यात कोंबत नाही. साधारण असा असतो, तारखा उदाहरणादाखल धरा :

"द्वितीय सत्रातील अध्यापन दि. २१ एप्रिल रोजी संपेल. दि. २२ ते ३० एप्रिल हा परीक्षा व मूल्यमापनाचा कालावधी असून सर्व नियमित शिक्षक कर्तव्यावर राहतील व हजेरीपटावर सही करतील. उन्हाळी सुट्टी फक्त शिक्षकांसाठी दि. १ मे ते १४ जून. सुट्टीत ज्या शिक्षकांना कामासाठी बोलावले जाईल त्यांना नावानिशी व दिनांकासह स्वतंत्र आदेश देण्यात येईल. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सुट्टी लागू नाही, कार्यालय नेहमीच्या वेळेत सुरू राहील. तासिका तत्त्वावरील शिक्षकांनी अंतर्गत गुण २१ एप्रिलपर्यंत भरावेत, त्यांची देयके विभागप्रमुखांनी २५ एप्रिलपर्यंत स्वाक्षरीसह कार्यालयात द्यावीत."

थोडी लांब होते, पण ग्रुपवरचे फोन निम्म्यानं कमी होतात, आणि जूनमध्ये माझ्याकडं येणारा माणूस हातात आदेश घेऊन येतो. नोटीस काढायची कधी, तर अध्यापन संपायच्या किमान पंधरा दिवस आधी, कारण मुख्यालय सोडायची परवानगी, रजेचा अर्ज, बिलांवरच्या सह्या या सगळ्याला तेवढा वेळ लागतोच. तुमच्या कॉलेजात ती अजून आली नसेल तर आस्थापनेच्या टेबलावर जाऊन विचारा, आणि विचारताना दोन्ही तारखा वेगवेगळ्या विचारा.