एकाच जागचं पाणी, दोन वेगळे रिपोर्ट: असं का?

"सकाळच्या बाटलीत ऑर्गेनिक कमी आणि दुपारच्या बाटलीत जास्त? मशीन बिघडलंय का तुमचं?" कोळंबीच्या हॅचरीवाल्यांचा हा फोन आमच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेला ठरलेला. मशीन ठणठणीत आहे. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्याचाच एक दिनक्रम असतो.

ऑर्गेनिक म्हणजे सेंद्रिय, कार्बन असलेले पदार्थ: साखर, प्रथिनांचे तुकडे असे कितीतरी या पाण्यात विरघळलेले असतात. बारीक गाळणीतूनही ते निसटतात. ऊन चढलं की वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) साखर बनवतात आणि त्यातली थोडी पाण्यात झिरपते. अंधार पडल्यावर बनणं थांबतं, पण जिवाणूंचं जेवण चालूच राहतं. शिवाय रात्री खोलातले प्राणी-प्लवक (तरंगणारे बारीक प्राणी) वर चरायला येतात. त्यांचं उष्टं-खरकटं आणि मलमूत्रही पाण्यातच. हवाई बेटांच्या उत्तरेला 'अलोहा' नावाच्या ठिकाणी १९८८ पासून समुद्राची नियमित मोजणी होते. तिथल्या प्रोक्लोरोकॉकस या अतिसूक्ष्म जीवाच्या पेशी तर रोज दिवेलागणीच्या सुमारास विभागतात, अगदी घड्याळ लावल्यासारख्या!

तरी खुल्या समुद्रात विरघळलेल्या ऑर्गेनिकचा एकूण आकडा दिवसभरात फारसा हलत नाही. लिटरमागे जेमतेम १ मिलिग्रॅम कार्बन, आणि त्यातला बराचसा हजारो वर्षांचा जुना, जिवाणूही ज्याला सहसा तोंड लावत नाहीत असा. रोज येतो-जातो तो ताजा, थोडासा भाग.

आपल्या खाडीत मात्र, खरं सांगायचं तर, उन्हापेक्षा भरती-ओहोटीचा हात मोठा. ओहोटीला खारफुटीतलं, ऑर्गेनिकने भरलेलं चहासारखं पाणी खाली येतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून "आम्ही रोज सातलाच भरतो" एवढ्याने भागत नाही. बाटलीवर तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी, तिन्ही लिहा. भरती की ओहोटी हे ठाऊक नसेल, तर त्याऐवजी तिथी लिहिलीत तरी चालेल. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आम्हालाही येतो.

बाटली आमचीच वापरा. ती तपकिरी काचेची असते आणि भट्टीत ४५० अंशांवर तापवून आणलेली असते. तोंडाला आतून बोट लावू नका. बोटाचं तेलही सेंद्रियच. भरल्यावर लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. गाडीच्या डिकीत उन्हात तापलेल्या बाटलीतले जिवाणू वाटेतच जेवून घेतात आणि आम्ही मोजतो ते उरलेलं ताट.