वय वंदना कार्ड: सत्तरी पूर्ण झाली, तरी अर्ज का अडतो?

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेचं दार उघडलं. उत्पन्नाची अट नाही. अंगीकृत म्हणजे योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात भरती होऊन वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत, आणि मधुमेह, रक्तदाब जुना असला तरी पहिल्या दिवसापासून. यासाठीचं वय वंदना कार्ड काढायला कागद लागतो एकच, आधार. आणि बहुतेक अर्ज अडतात तेही आधारमुळेच.

पहिला घोटाळा वयाचा. आपल्याकडे ‘सत्तरावं लागलं’ म्हणजे एकोणसत्तर पूर्ण झाली. इथे सत्तर पूर्ण लागतात. ज्यांची तारीख 15 ऑगस्ट 1956 आहे, त्यांचा अर्ज 15 ऑगस्ट 2026 च्या आधी घेतला जाणार नाही. नोंदणी वर्षभर चालू असते, त्यामुळे ‘तारीख गेली’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वय धरतात ते आधारवरचं. मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, पत्रिका यातलं काही चालत नाही. खरा त्रास इथेच आहे. घरी बाळंतपण, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि आधार काढताना कोणीतरी अंदाजाने वर्ष सांगितलेलं. आजी पंचाहत्तरच्या, आधारवर मात्र सहासष्ट. दुरुस्तीला जन्मदाखला, पासपोर्ट किंवा पेन्शनचा आदेश मागतात. शेतात राबून आयुष्य काढलेल्या बाईकडे यातलं काय असणार, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. वर्ष उलटून गेल्यावर जन्मनोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात. शिवाय आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून पक्का कागद हातात आल्याशिवाय दुरुस्तीला जाऊ नका. चुकीची तारीख लागली तर पुन्हा संधी मिळणं फार कठीण.

तोवर उपचार थांबवायचं कारण नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला वयाची अट नाही, तिथेही कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डावर काम होतं. चौकशीसाठी 155388.

आधार ठीक असेल तर अर्ज सोपा आहे. बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरच्या आयुष्मान ॲपमध्ये सत्तर वर्षांवरील नागरिकांचा वेगळा पर्याय आहे. तिथे आधार क्रमांक, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), फोटो, पिनकोड आणि कुटुंबीयांची माहिती भरायची. पैसे लागत नाहीत. काही केंद्रांवर उत्पन्नाचा दाखला नाहीतर रेशनकार्ड आणायला सांगून म्हाताऱ्या माणसांना परत पाठवतात. या कार्डाला ते लागतच नाही, हे ठामपणे सांगा.

ई-केवायसीला ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बंद पडलेला असतो किंवा परगावच्या मुलाचा असतो. आधार केंद्रावर नंबर बदलायला कसलाही कागद लागत नाही, फक्त स्वतः जावं लागतं. दुसरी वाट बोटाच्या ठशाची. भांडी आणि शेतकाम करून रेषा झिजलेल्या असतात, मशीन पुन्हा पुन्हा नाकारतं. हात धुऊन पुसा, कातडी फार कोरडी असेल तर बोट जरासं ओलसर करा, आणि अंगठ्यावरच अडून न बसता दहाही बोटं लावून बघा. तरीही जमलं नाही तर चेहऱ्याने ओळख पटवा. त्यासाठी फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ हे ॲप आधी घ्यावं लागतं. चष्मा काढा, उजेड समोरून येऊ द्या, आणि ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करा.

सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी व पेन्शनरांची), ईसीएचएस (माजी सैनिकांची) किंवा केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची आरोग्य योजना असलेल्यांना जुनी किंवा ही, यांपैकी एकच निवडावी लागते. तो प्रश्न आला की घाईने टिचकी मारू नका, घरात बोलून ठरवा. ईएसआयसी (कामगार विमा) किंवा खासगी विमा असेल तर तो ठेवूनही हे कार्ड मिळतं.

नवराबायको दोघंही सत्तरीपार असतील तर कार्डं दोन, पण 5 लाख दोघांत मिळून. आजोबा 72, आजी 67 असतील तर या कार्डावर आजींचा उपचार होत नाही. घर आधीपासून आयुष्मान भारत योजनेत असेल तर ज्येष्ठांचे हे 5 लाख वेगळे मिळतात, मुला-नातवंडांच्या रकमेला धक्का लागत नाही.

भरती करण्याआधी एक फोन नक्की करा. रुग्णालय यादीत असलं तरी सगळ्या आजारांसाठी नसतं. हाडांसाठी अंगीकृत असेल, हृदयासाठी नसेल. 14555 वर आजार सांगून विचारा. ओपीडीची तपासणी आणि रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत; डायलिसिस, केमोथेरपी बसतात. मंजुरी असलेल्या उपचारासाठी अनामत मागितली तर देऊ नका. आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला गाठा, नाही ऐकलं तर त्याच 14555 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. आणि घरी सोडताना पुढच्या 15 दिवसांची औषधं मागून घ्या. ती पॅकेजमध्येच धरलेली असतात, पण न मागता क्वचितच हातात पडतात.