ट्रेलर डोलतो कशानं? तीनचाकी वाहून नेणाऱ्यांसाठी थोडं भौतिकशास्त्र

ट्रेलर बनवून घ्यायला गेलं की वेल्डिंगच्या दुकानात एक सल्ला हमखास ऐकू येतो: "वजन जरा मागंच राहू द्या, म्हणजे गाडीच्या हुकावर लोड येत नाही." सांगणारा अनुभवी असतो, ऐकणाऱ्यालाही पटतं. पण हाच माणूस शेतातून कापसाची बंडी भरताना असं कधी करणार नाही. बंडी उलार झाली तर जू वर उचललं जातं आणि बैलांचा गळा आवळतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मग लोखंडी ट्रेलरपाशी आल्यावर तो हे का विसरतो?

कारण बंडी अर्धंच शिकवते. ती ताशी चार-पाच किलोमीटरनं चालते. उलार झाली तर मागं कलंडते आणि थांबते. जीपमागचा ट्रेलर ताशी साठ-सत्तरनं धावतो. तो उलार असला तर नुसता कलंडत नाही. आधी थोडा डोलतो, मग जास्त डोलतो, आणि काही सेकंदांत पुढच्या गाडीलाही सोबत घेऊन रस्त्याच्या खाली उतरतो.

हा विषय आत्ता काढायचं कारण ट्राइक, म्हणजे तीन चाकांची मोटारसायकल. मागं दोन चाकं असलेल्या मोठ्या प्रवासी ट्राइकचं वजन ५०० किलोच्या पुढं जाऊ शकतं. आपल्या गावांत मात्र ट्राइक म्हणजे बहुतेक वेळा दिव्यांग व्यक्तीची, मागून जादा चाकं बसवलेली स्कूटर. लोक तिला तीनचाकीच म्हणतात. यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूरला जायचं तर ती मे महिन्यातल्या उन्हात दीडशे किलोमीटर चालवत नेणं कुणालाही झेपणारं नाही. गाडीत बसून जायचं आणि तीनचाकी मागच्या बंद ट्रेलरमध्ये न्यायची, ही सोय फार उपयोगाची आहे. घरी तोच ट्रेलर तिचं गॅरेज होतो. म्हणून तो निवडताना रंग, पत्र्याची नक्षी आणि लांबी बघण्याआधी एक गोष्ट बघावी: ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, कुठं आहे, आणि भरलेल्या ट्रेलरचं वजन त्याच्या पुढं पडतं की मागं.

आता डोलण्याकडे वळू. ट्रेलर हुकाभोवती डावी-उजवीकडे फिरू शकतो. समजा वाऱ्याच्या धक्क्यानं तो थोडा तिरका झाला. त्याची चाकं आता गाडीच्या दिशेला किंचित तिरपी आहेत, पण त्यांना ओढलं जातंय सरळ. टायरचं रबर रस्त्याला धरून असतं, त्यामुळे त्या तिरपेपणाच्या प्रमाणात टायर आडवा जोर लावतो आणि ट्रेलरला पुन्हा सरळ रेषेत ढकलतो. हा जोर वेगावर फारसा अवलंबून नसतो. तो कोनावर अवलंबून असतो. शाळेत शिकलेली स्प्रिंग आठवा: जितकं ताणाल तितकी ती मागं खेचते. इथं स्प्रिंगचं काम टायर करतो. स्प्रिंग आली की दोलन आलंच. ट्रेलर मधल्या रेषेवर थांबत नाही, पलीकडे जातो, परत येतो. एका हेलकाव्याला साधारण एक-दोन सेकंद लागतात.

प्रश्न असा की हे दोलन विझतं कशानं? तेही टायरच करतो, पण दुसऱ्या वाटेनं. ट्रेलर आडवा फिरत असताना चाकाला आडवा वेग असतो. हा आडवा वेग भागिले पुढचा वेग, एवढा जादा तिरपेपणा टायरला जाणवतो आणि तो त्या हालचालीला विरोध करतो. याला अवमंदन म्हणतात. भागाकार नीट पाहा: छेदस्थानी गाडीचा वेग आहे. वेग दुप्पट झाला की हेलकावा विझवणारा हा विरोध निम्मा होतो, स्प्रिंग मात्र तेवढीच राहते. ताशी ४० ला जो हेलकावा दोन झोक्यांत विझायचा, तो ८० ला बराच वेळ टिकतो.

इतक्यावरच थांबलो तर ट्रेलर कधीच हाताबाहेर जाणार नाही, फक्त उशिरा स्थिर होईल. पण हूक खांबाला बांधलेला नाही, तो गाडीला आहे, आणि गाडीही हलते. हेलकावा घेणारा ट्रेलर हुकामार्फत गाडीचा मागचा भाग डावी-उजवीकडे ढकलतो. गाडी किंचित वळते, हूक सरकतो, आणि हे सरकणं बरोबर चुकीच्या क्षणी झालं तर पुढचा झोका आधीच्याहून मोठा होतो. यासाठी लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढं जाण्यातूनच येते, ती कमी पडत नाही. ठरावीक वेगाच्या खाली झोके विझतात, त्याच्या वर वाढतात. हा उंबरठा प्रत्येक गाडी-ट्रेलरच्या जोडीचा वेगळा असतो. वजन मागं सरकवलं की तो खाली येतो.

वजन मागं गेल्यानं असं का व्हावं, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की बॅटच्या एका ठरावीक जागी चेंडू लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. त्याच्या वर किंवा खाली लागला तर मूठ हादरते. ट्रेलरमध्ये मूठ म्हणजे हूक, आणि चेंडूचा फटका म्हणजे टायरचा आडवा जोर, जो ॲक्सलपाशी बसतो. हुकापासून गुरुत्वमध्यापर्यंतचं (ज्या बिंदूवर सगळं वजन तोललं जातं तिथपर्यंतचं) अंतर अ, गुरुत्वमध्यापासून ॲक्सलपर्यंतचं अंतर ब, आणि वजन किती पसरलेलं आहे हे सांगणारी घूर्णन त्रिज्या क असं मानलं, तर क चा वर्ग बरोबर अ गुणिले ब असेल तेव्हा टायरच्या धक्क्याचा आडवा हादरा हुकाला बसतच नाही. वजन ट्रेलरच्या दोन टोकांना विभागलं की क वाढतो आणि हे गणित बिघडतं. गुरुत्वमध्य ॲक्सलवर आला की ब शून्य होतो. ॲक्सलच्या मागं गेला की ब ऋण होतो, आणि मग हे समीकरण जुळण्याची शक्यताच उरत नाही: ॲक्सलला बसणारा प्रत्येक धक्का हुकाला त्याच दिशेनं ढकलतो. गुणाकारात हरवल्यासारखं झालं असेल तर इतकं धरून ठेवा: जड वस्तू ॲक्सलजवळ, आणि एकूण वजनाचा तोल ॲक्सलच्या थोडा पुढं.

थोडा म्हणजे किती? अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असं सांगतात. युरोपात याहून कमी चालतो, पण तिथं ट्रेलर ओढताना वेगमर्यादाही कमी असतात. एक उदाहरण करून पाहू. रिकामा ट्रेलर ४०० किलो, तेव्हा हुकावर ४० किलो, हूक ते ॲक्सल ३ मीटर. ट्राइक ५०० किलोची. तिचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ३६ सेंटीमीटर पुढं ठेवला तर ५०० गुणिले ०.३६ भागिले ३, म्हणजे ६० किलो हुकावर वाढतात. एकूण ९०० पैकी १०० किलो, साधारण ११ टक्के. छान. आता तीच ट्राइक ३६ सेंटीमीटर मागं ठेवा: हुकावर ४० वजा ६०, म्हणजे उणे २० किलो. ट्रेलर गाडीचं मागचं टोक वर उचलायला लागला. चांगल्या आणि धोकादायक ट्रेलरमध्ये फक्त ७२ सेंटीमीटरचं अंतर आहे!

ट्राइकचा गुरुत्वमध्य शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. जिनिंगच्या धर्मकाट्यावर आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त पुढचं चाक काट्यावर ठेवून तोला. समजा ५०० पैकी पुढच्या चाकावर १७५ किलो आले आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १.७ मीटर आहे. १७५ गुणिले १.७ भागिले ५०० म्हणजे मागच्या ॲक्सलपासून जवळपास ६० सेंटीमीटर पुढं गुरुत्वमध्य. वरच्या उदाहरणात ट्राइकची मागची चाकं ट्रेलरच्या ॲक्सलच्या २४ सेंटीमीटर मागं उभी राहिली पाहिजेत. तिथं फळीवर पक्क्या रंगानं खूण करा आणि चाकाला अडथळा वेल्ड करून घ्या. स्कूटरची तीनचाकी हलकी असते, तिला मोठा धर्मकाटा नीट मोजू शकत नाही; अडत्याकडचा प्लॅटफॉर्म काटा घ्या. हुकावरचा भारही त्याच काट्यावर ट्रेलरची दांडी टेकवून मोजता येतो, फक्त दांडी गाडीला जोडल्यावर जेवढी उंच असते तेवढीच उंच ठेवावी.

बंद ट्रेलरची आणखी एक अडचण वारा. चार मीटर लांब आणि दोन मीटर उंच बाजू म्हणजे आठ चौरस मीटरचा पत्रा. ताशी ५० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात त्यावर साधारण १०० किलो वजनाइतका जोर येतो, आणि नागपूर-अमरावती रस्त्यावर मोठा ट्रक शेजारून गेला की तो क्षणात येतो आणि क्षणात जातो. डोलणं सुरू करायला असाच धक्का लागतो. म्हणून गरजेपेक्षा उंच ट्रेलर घेऊ नये. आत माणूस उभा राहिला पाहिजे या हट्टापायी पत्रा वाढतो आणि गुरुत्वमध्यही वर जातो.

डोलायला लागलाच तर काय करायचं? ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर फक्त तोच हळूच लावा. "गाडी ताणली की ट्रेलर सरळ येतो" हे वाक्य जीवघेणं आहे. छेदस्थानचा वेग वाढवून कुणाचंही भलं होत नाही.

इथंच एक बोलायला हवं. बहुतेक तालुक्यांत उतारावरचं एखादं वळण बदनाम असतं. तिथं ट्रॉल्या उलटतात, तिथं बाधा आहे, नारळ फोडल्याशिवाय पुढं जाऊ नये, असं सांगितलं जातं. उतारावर वेग वाढतो म्हणून अवमंदन घटतं, आणि ट्रेलर ओढला जाण्याऐवजी गाडीला मागून ढकलायला लागतो, म्हणून त्याला सरळ ठेवणारी ओढही नाहीशी होते. वर तो उलार भरलेला असला तर वेगळ्या बाधेची गरजच नाही. ॲक्सलला बांधलेल्या लिंबू-मिरचीनं हुकावरचा भार बदलत नाही. तितकाच भ्रम डोलणं थांबवणाऱ्या महागड्या दांड्यांबद्दल आहे. त्या घर्षणानं थोडं अवमंदन वाढवतात, चांगल्या भरलेल्या ट्रेलरला मदतही करतात. वाईट भरलेल्याला वाचवतील याचा भरवसा धरू नये.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगता येतात. दाराची रुंदी आतल्या रुंदीपेक्षा कमी असते, आणि ट्राइकची चाकं मोटारसायकलीसारखी एका ओळीत नसतात; मोजपट्टी दारातच लावा. रॅम्प आखूड असला तर ट्राइकचं पोट वरच्या कडेवर टेकतं. जमिनीपासून ४५ सेंटीमीटर उंच तळ आणि १.८ मीटर रॅम्प म्हणजे साधारण साडेचौदा अंशांचा चढ, त्यावर १.७ मीटर चाकांतराच्या गाडीला मध्यभागी जवळजवळ ११ सेंटीमीटर मोकळी जागा लागते. ट्रेलरची दांडी जॅकनं वर उचलली की मागची कड खाली येते आणि काम सोपं होतं. ज्याला उतरून चालता येत नाही त्यानं ट्राइक चालवत आत नेऊच नये, विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढून घ्यावी. नाहीतर आत गेल्यावर बाहेर यायला वाटच राहत नाही.

बांधताना मोटारसायकलीची सवय सोडा. तिला उभी ठेवायला शॉकॲब्सॉर्बर दाबून बांधतात; ट्राइक स्वतःच उभी असते, तिला फक्त सरकू द्यायचं नसतं. चाकांना किंवा ॲक्सलला चार पट्ट्या पुरतात. जोरदार ब्रेकला ५०० किलोची ट्राइक सुमारे ४०० किलोच्या जोरानं पुढं जाऊ पाहते. तो जोर मागं ओढणाऱ्या दोन पट्ट्यांवर येतो, आणि त्या ४५ अंशांत असतील तर प्रत्येकीवर जवळपास २८० किलो. पट्टी घेताना तुटण्याचा भार न बघता कामाचा भार बघावा.

साठवणीबद्दल गैरसमज असा की बंद म्हणजे कोरडं. पावसाळ्याच्या शेवटी ३० अंशांची दमट हवा आत कोंडली गेली तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये ३० ग्रॅमपर्यंत वाफ असू शकते. २० अंशांना तीच हवा १७ ग्रॅमच धरते. स्वच्छ आकाशाच्या रात्री पत्र्याचं छत बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून उरलेलं पाणी छताच्या आतून थेंब होऊन ट्राइकवर पडतं. पाऊस न पडताही गंज धरतो तो असा. उपाय म्हणजे वर आणि खाली जाळीची झरोकं. खालची पेट्रोलसाठीही हवीतच: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीनं पेटते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा पत्र्याच्या पेटीत काय होत असेल ते सांगायला नको. ट्रेलर सावलीत उभा करा, पेट्रोलचा वास आला तर दार उघडून थांबा, आतला दिवा लावू नका. जाळी उंदीर शिरणार नाहीत इतकी बारीक असावी, आणि तळाची प्लाय उधई (वाळवी) लागू नये म्हणून जमिनीपासून उंच.

ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ नुसार; बनवून घेण्याआधीच आरटीओत विचारून घ्या. आणि टायर तपासा. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, म्हणून ते नवे वाटतात, पण उन्हानं रबर तडकतं. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर बदलावा. हवा कमी असेल तर टायरची बाजू मऊ पडते, स्प्रिंगही मऊ पडते, आणि झोके विझवणारा विरोधही कमी होतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, भरलेल्या ट्रेलरसाठी सांगितलेल्या दाबापर्यंत भरावी.