सागरी सुरक्षा सहकार्य

समुद्रमार्ग सुरक्षित राखण्यासाठी निरनिराळ्या देशांची नौदले, तटरक्षक दले व बंदर यंत्रणा मिळून करीत असलेली व्यवस्था. चाचेगिरी, शस्त्रे व अमली पदार्थांची तस्करी, बेकायदा मासेमारी आणि जहाजांवरील दहशतवादी हल्ले हे तिचे मुख्य विषय. लष्करी युतीपेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे. युतीत शत्रू आधीच ठरलेला असतो. येथे एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या देशांच्या युद्धनौकाही एकाच पाण्यात गस्त घालतात.

तिचे वैचारिक मूळ ब्रिटिश नौदल-इतिहासकार ज्यूलियन कॉर्बेट यांच्या १९११ मधील मांडणीत सापडते. अमेरिकी नौदल अधिकारी आल्फ्रेड मॅहन यांनी त्याआधी शत्रूचे आरमार निर्णायक लढाईत मोडण्यावर भर दिला होता. कॉर्बेट यांच्या मते समुद्र जमिनीसारखा जिंकून ठेवता येत नाही. हाती ठेवायचे असतात ते दळणवळणाचे मार्ग. आणि हे मार्ग आज कोणा एकाचे नाहीत. जहाजाचा मालक, ध्वज (म्हणजे नोंदणीचा देश), खलाशी व माल चार वेगळ्या देशांचे असणे ही नित्याची गोष्ट आहे.

कायद्याची चौकट १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात आहे. खुल्या समुद्रात चाच्यांचे जहाज पकडण्याचा अधिकार तो प्रत्येक राष्ट्राला देतो. मात्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रात घडलेला तोच गुन्हा ‘चाचेगिरी’ ठरत नाही, आणि पाठलाग करणाऱ्या परक्या नौकेला तेथे थांबावे लागते. सोमालियाचे चाचे या रेषेचा पुरेपूर फायदा घेत. म्हणून २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १८१६ द्वारे, तेथील सरकारच्या संमतीने, सोमाली पाण्यात शिरण्याची मुभा दिली. पाठोपाठ युरोपीय संघ, नाटो आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालील बहारीनस्थित बहुराष्ट्रीय ‘संयुक्त सागरी दले’ तेथे उतरली. भारत, चीन व रशिया यांनी नौका पाठवल्या, पण हुकमत आपल्याच हाती ठेवली. एकच सेनापती कधीच नव्हता. व्यापारी जहाजांसाठी एडनच्या आखातात एक मार्ग आखला गेला, गस्तीच्या वेळा व माहिती एकमेकांना कळवण्यासाठी नियमित बैठका होऊ लागल्या, आणि एवढ्यावर काम भागले. जहाजांवरील सशस्त्र पहारेकऱ्यांचाही यात मोठा वाटा होता.

खरी अडचण पकडल्यानंतर येई. खटला कोणी चालवायचा? अनेक चाचे शस्त्रे काढून घेऊन सोडून दिले गेले. भारताने यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. मार्च २०२४ मध्ये माल्टाचा ध्वज असलेले ‘रुएन’ हे अपहृत जहाज भारतीय नौदलाने सोडवले. पकडलेल्या ३५ चाच्यांना मुंबईत आणून याच कायद्याखाली पोलिसांच्या ताब्यात दिले.

मलाक्काच्या सामुद्रधुनीत किनारी देशांनी परक्या गस्तीला जागाच ठेवली नाही. इंडोनेशिया, मलेशिया व सिंगापूर यांनी २००४ मध्ये स्वतःची समन्वित गस्त सुरू केली. थायलंड पुढे सामील झाला. जहाजांच्या हालचालींची माहिती जुळवणारी सिंगापूर आणि गुरुग्राम येथील केंद्रे आज अनेक देशांचे संपर्क अधिकारी सामावून घेतात. माहिती देताना सार्वभौमत्व सोडावे लागत नाही, म्हणूनच सहकार्याचा हा भाग सर्वांत टिकाऊ ठरला आहे.

प्रश्न राजकीय झाला की चित्र पालटते. तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी बंडखोरांनी गाझा युद्धाचे कारण देत व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये जहाजांच्या संरक्षणाची मोहीम जाहीर केली. स्पेनने सहभाग नाकारला, युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपली वेगळी मोहीम काढली, आणि सोमालियाजवळ वर्षानुवर्षे गस्त घालणारा चीन दोन्हींपासून दूर राहिला.